एवढं ऊन असून कापडावर पान का उठत नाही?

कापडावर उन्हात पानांचे छाप काढणाऱ्यांचा हा प्रश्न मार्च सरला की सुरू होतो आणि मिरग लागेपर्यंत थांबत नाही. कापड भिजवलं, फॅब्रिक पेंट पाण्यात कालवून ब्रशने लावला, वर कडुनिंबाची डहाळी मांडली आणि सगळं गच्चीवर नेऊन ठेवलं. थोड्याच वेळात कापड खडखडीत वाळलं. डहाळी उचलली, तर खाली पानाचा पत्ता नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा निळा रंग. "ताई, ऊन तर एवढं हाय, मग पान का उठंना?" परभणीतून विचारा नाहीतर उदगीरहून, वाक्य हेच असतं. चूक त्या वाक्यातल्या 'तर'मध्ये बसलेली असते. ऊन जितकं कडक तितका छाप ठसठशीत, असं आपण धरूनच चाललेलो असतो.

यात शिकणाऱ्यांचा फारसा दोष नाही. बहुतेक व्हिडिओ थंड हवेच्या देशांतले. तिथली बाई सांगते, "भर उन्हात ठेवा", आणि तिचं भर ऊन म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली सकाळ. तेच वाक्य आपण मे महिन्यात, पारा ४१-४२ अंशांवर असताना, पत्र्याच्या शेडवर जाऊन पाळतो.

तेव्हा उपाय शोधण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. तुमच्या पद्धतीत ऊन नेमकं काय काम करतं? पानांचे सूर्यछाप तीन वेगळ्या तऱ्हांनी निघतात. पातळ केलेल्या फॅब्रिक पेंटवर ऊन फक्त वाळवण्याचं काम करतं. सायनोटाइपमध्ये उन्हातले अतिनील किरण रसायनं बदलून निळा रंग तयार करतात. हळदीच्या छापात ऊन असलेला रंग उडवतं. तिन्हींना पान लागतं, कापड लागतं, ऊन लागतं, त्यामुळे शेजारणीने सांगितलेला एका पद्धतीचा तोडगा दुसऱ्या पद्धतीला लावला जातो. फसलेल्या कापडांपैकी बरीच याच गोंधळात फसलेली असतात. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे काच. त्याकडे येतेच.

फॅब्रिक पेंटवाल्यांसाठी

इथे प्रकाशाचा काही संबंध नाही. पटत नसेल तर एक रुमालाएवढा तुकडा रंगवा, त्यावर पान चिकटवा आणि घरात पंख्याच्या मंद वाऱ्याखाली ठेवून द्या. वेळ लागेल, छाप थोडा पुसट येईल, पण येईल. रात्री केलंत तरी येईल.

हे कसं घडतं ते माठ बघितलेल्या माणसाला लगेच कळेल. बोअरचं पाणी भरलेल्या माठाला काही दिवसांनी बाहेरून पांढरी खरपुडी धरते. पाणी आतून झिरपत बाहेर येतं, बाहेरच्या अंगाला उडून जातं, आणि सोबत आणलेला क्षार तिथेच टाकून जातं. ओल्या कापडावर तेच होतं. पानाच्या बाहेरचा भाग आधी वाळायला लागतो. वाळणारं सूत पानाखालचं पाणी आपल्याकडे ओढतं. त्या पाण्याबरोबर रंगाचे बारीक कण पानाखालून सरकत कडेपर्यंत येतात आणि पाणी उडालं की तिथेच बसतात. म्हणून पानाखालची जागा फिकी पडते आणि कडेला जरा गडद रेघ उमटते. कापड गिरण्यांमध्ये रंगवलेलं कापड असमान वाळलं की रंग असाच एका जागेहून दुसऱ्या जागी पळतो. गिरणीवाल्यांच्या लेखी तो दोष. तो टाळायला ते रंगात अल्जिनेटसारखे घट्ट करणारे पदार्थ घालतात. आपल्याला तोच दोष मुद्दाम घडवायचा आहे, म्हणजे गिरणीवाले जे जे करतात ते आपण टाळायचं.

एवढं ध्यानात आलं की बाकीचं निदान सोपं होतं. रंगाला पानाखालून कडेपर्यंत चालत यायला वेळ मिळाला का, रस्ता मोकळा होता का, आणि पानाखालची जागा शेवटपर्यंत ओली राहिली का, एवढंच तपासायचं.

वेळेचा प्रश्न हा आपल्याकडचा मुख्य प्रश्न. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ब्रश कापडाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक सुकायला लागलेलं असतं. आपण मग सुकत आलेल्या रंगावर पान ठेवतो. फॅब्रिक पेंटमध्ये रंगाचे कण धाग्याला चिकटवून ठेवणारा अ‍ॅक्रिलिकचा बांधा असतो. तो एकदा धरला की रंगाचा कण जागचा हलत नाही, मग वर पान ठेवा नाहीतर पाटा-वरवंटा ठेवा. यावर उपाय म्हणजे सगळी मांडामांड सावलीत करायची. फळी ओसरीवर घ्यायची, कापड भिजवून पिळून तिच्यावर पसरायचं, रंग लावायचा, पानं बसवायची, टाचण्या टोचायच्या, आणि मग फळी उचलून उन्हात न्यायची. वेळ सकाळी आठ ते साडेनऊची. त्यानंतर ऊन तापतंच, शिवाय वारा सुटतो आणि हा वारा उन्हापेक्षा जास्त नुकसान करतो. पानं तर उडवतोच, कापडही वरवर सुकवून टाकतो. दुपारीच करायची हौस असेल, तर पांढऱ्या झिरझिरीत ओढणीचा आडोसा फळीच्या वर हातभर उंचीवर बांधा. फवारणीची छोटी बाटली हाताशी ठेवा, पण ती पानं मांडून होईपर्यंतच वापरा. नंतर मारलेला फवारा वाळलेल्या जागी डाग पाडतो.

सुरुवातीला अख्खी ओढणी घेऊ नका. मे महिन्यात तर नाहीच. रुमाल, उशीचा अभ्रा, झोळीचा तुकडा, एवढ्यावर हात बसू द्या. ओढणी एकटीने करणं मुळात अवघड आहे. एकीने रंग लावत पुढे जायचं आणि दुसरीने मागोमाग पानं बसवत जायची, असं दोघींनी करायचं काम आहे ते.

आता खालचा आधार. बरेच जण कापड थेट गच्चीच्या फरशीवर, माळवदावर किंवा पत्र्यावर पसरतात. तापलेली फरशी कापड खालून वाळवते आणि खालून वाळवताना पान कुठे आहे, कुठे नाही, हा भेद राहत नाही. पानाखालची जागा बाहेरच्या इतकीच झपाट्याने सुकते. मग रंग जाणार कुठे? माळवदाची माती तर पाणीच शोषून घेते. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून आलेला थर्माकोलचा जाड तुकडा याला सगळ्यात चांगला. तो तापत नाही, पाणी पीत नाही आणि त्यात टाचणी सहज घुसते. त्यावर प्लास्टिक ताणून चिकटपट्टीने पक्कं करा. प्लास्टिकला सुरकुती राहिली तर ती सुरकुती कापडावर रेघ होऊन उतरते. काहींना ती आवडते, मला नाही.

काचेबद्दल आता. सायनोटाइप करणारे पानावर काच ठेवून चारी बाजूंनी चिमटे लावतात आणि ते तिथे बरोबरच आहे. तेच बघून पेंटच्या कापडावर काच दाबली जाते. काचेखालचं पाणी उडणार कसं? सगळं कापड सारखंच ओलं राहतं, पुढे कधीतरी सारखंच वाळतं आणि छाप येत नाही. पेंटच्या कापडावर काच, प्लास्टिक, जाड जाळी, काही ठेवायचं नाही. पान दाबून धरायचं ते टाचण्यांनी, छोट्या खड्यांनी, नटबोल्टच्या चकत्यांनी. मोठ्या पानावर मूठभर ज्वारी पसरली तरी चालतं, फक्त दाणे पानाबाहेर सांडू द्यायचे नाहीत. सांडला तर दाण्याचाही छाप उठतो, आणि तो इतका नेटका उठतो की पानाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

उलट टोकाचा त्रास पावसाळ्यात होतो. श्रावणात हवा दमट, ऊन मध्येच जातं, कापड तासन् तास ओलं राहतं आणि रंग स्वतःच्या मनाने फिरत बसतो. छाप येतो, पण त्याच्या कडा विरलेल्या. तेव्हा कापड जास्त घट्ट पिळून घ्या, रंगाचं पाणी कमी करा आणि पंख्याची मदत घ्या. आपल्याकडे या कामाला सगळ्यात चांगले दिवस म्हणजे दसऱ्यापासून संक्रांतीनंतरच्या काही आठवड्यांपर्यंतचे. ऊन स्वच्छ, वारा बेताचा, आणि रानात पानंही भरपूर.

रस्ता अडतो कुठे

वेळ, आधार सगळं नीट असूनही छाप पुसट येत असेल, तर कापडाकडे वळा. नवीन कापडाला खळ असते. मांजरपाटाला तर भरपूर, आणि कोऱ्या कापसाचा स्वतःचा मेणचट अंशही असतो. खळ म्हणजे घट्ट करणारा पदार्थच. गिरणीवाला मुद्दाम घालतो ते आपल्या कापडात फुकट येतं. तपासायला कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. तो लगेच आत मुरला पाहिजे. मोत्यासारखा वर बसून राहिला तर कापड गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून उकळा, स्वच्छ खळबळा, वाळवा आणि परत थेंब टाकून बघा. धुतल्यानंतर कपडा मऊ करणारं सुगंधी द्रव घालायची सवय असेल तर या कापडांपुरती ती सोडा. टेरिकॉट आणि पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाच्या नादी लागू नका. त्यांचं सूत पाणी धड ओढत नाही. मलमल, पातळ मांजरपाट, नांदेड-उदगीरकडची हातसुताची खादी, यांवर पान छान उठतं. खादीवर सुताची गाठ-गुठळी दिसते, ती मला तरी हवीशी वाटते.

रंग किती पातळ करायचा? एक भाग रंग आणि दोन भाग पाणी इथून सुरुवात करा. पारदर्शक छटा घ्या. पांढरा मिसळलेले, मोतिया चमकीचे, सोनेरी-चंदेरी रंग जागचे हलत नाहीत. निळा, गर्द हिरवा, जांभळा, मरून यांवर पान ठळक दिसतं. पिवळ्यावर छाप आलेला असतो, पण दिसत नाही, आणि माणूस उगीच स्वतःला बोल लावतो.

पुडीचा रंग वापरून हे होईल का, असं नेहमी विचारलं जातं. पाण्यात उकळून कापड रंगवायच्या साध्या पुड्या सुती धाग्याला पकडून बसतात, त्या चालत जात नाहीत. सोडा घालून पक्के होणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी जुळायला तासन् तास ओलावा मागतात. उन्हात वाळवले की ते अर्धवट राहतात आणि पहिल्याच धुण्यात निघतात. या कामाला पेंटच बरा, कारण त्याच्या कणाला धाग्याची ओढ नसते. पाणी नेईल तिकडे तो जातो.

आता पाणी. मराठवाड्यात या कलेची निम्मी दुखणी बोअरच्या पाण्यातून येतात असं माझं मत आहे. जड पाण्यात रंग कालवला तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे रंगाचे सुटे कण एकमेकांना धरतात आणि बारीक गुठळ्या होतात. गुठळी सुताच्या जाळीतून सरकत नाही. भांड्याच्या तळाशी रंगाचा गाळ बसलेला दिसला की समजा. एका ग्लासात जारचं पाणी आणि दुसऱ्यात बोअरचं, दोन्हींत चमचाभर रंग कालवून तासभर ठेवा, फरक डोळ्यांनी दिसेल. उपाय महागडा नाही. उन्हाळ्यात घरोघर पिण्याच्या पाण्याचा जार येतोच, त्यातलं चालतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं. पावसाचं पाणी पत्र्यावरची पहिली धूळ वाहून गेल्यावर धरलं तर उत्तम. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही मऊ असतं. कूलरचं मात्र अजिबात नाही. कूलरच्या टाकीत पाणी उडत जातं आणि क्षार मागे साठत राहतो, ते बोअरपेक्षाही वाईट.

पानाचे स्वभाव

ताजं पान तोडून लगेच कापडावर ठेवलं की उन्हात ते आक्रसतं आणि त्याच्या कडा वर उचलतात. कड उचलली की तिच्याखाली हवा शिरते, ती जागाही वाळायला लागते आणि छापाची कड धुरकट होते. पानं आदल्या रात्री जाड वहीत दाबून ठेवा. पार वाळवायची नाहीत, नुसती मरगळली पाहिजेत. बसवताना शिरांची बाजू खाली करा.

मोठ्या पानाचा हट्ट सुरुवातीला नको. वड, साग, केळ यांच्या पानाखाली रंगाला कडेपर्यंत पोचायला फार लांब जावं लागतं, मधला भाग गढूळच राहतो. कडुनिंब, शेवगा, चिंच, बाभूळ, गाजराचा पाला, शेपू ही बारीक पानांची मंडळी जवळजवळ कधी फसवत नाहीत. आपट्याचं पान दोन पाळ्यांचं आणि सपाट, फार सुबक उठतं. बालाघाटाच्या बाजूला सीताफळाच्या पानांना तोटा नाही, तीही चांगली. पानफुटी किंवा कोरफडीसारखी मांसल पानं सपाट बसत नाहीत आणि दाबली की रस सोडतात. रुई आणि कण्हेर यांचा चीक डोळ्यांत गेला तर महागात पडेल, मुलांच्या हाती देऊ नका. गाजरगवताची नक्षी कितीही मोहक दिसली तरी त्याला हात लावू नका. त्याने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं, खाज सुटते, आणि एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जात नाही.

आणखी एक. कापड पूर्ण वाळेपर्यंत पान उचलून बघू नका. बाहेर वाळलं आणि पानाखाली ओल असताना पान काढलं, तर तिथे उरलेला रंग जागच्या जागी पसरतो आणि फिकी जागा मळकट होते. लहान मुलं शेजारी असली तर ही सूचना पाळली जाणार नाही, हे धरूनच चाला.

उठलेलं पान धुण्यात गेलं तर

याची कारणं मुख्यतः दोन. रंग फार पातळ केला की त्यातला बांधाही पातळ होतो आणि कण धाग्याला धरून ठेवायला काही उरत नाही. फिकी छटा हवी असेल तर नुसतं पाणी वाढवू नका, त्याच कंपनीचं फॅब्रिक मीडियम, म्हणजे रंग नसलेला बांधा, थोडं घाला. दुसरं म्हणजे इस्त्री. छाप पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने, सुती कापडाच्या तापमानावर, वाफ न सोडता, एकेका जागेवर इस्त्री हळूहळू फिरवत काही मिनिटं द्या. "उन्हातच इतकं तापलंय, आता इस्त्री कशाला?" असं म्हणू नका. मे महिन्यातलं ऊनही इस्त्रीच्या जवळपास पोचत नाही. त्यानंतर निदान तीन दिवस पाणी लागू देऊ नका.

सायनोटाइपवाल्यांसाठी

इथे सगळं उलटं आहे. या पद्धतीत प्रकाशच लागतो, तोही अतिनील. इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी तिथल्याच वनस्पतिअभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्रशैवालांचे निळे छाप याच रीतीने काढून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिलीला २५ ग्रॅम, पोटॅशियम फेरिसायनाइड १०० मिलीला १० ग्रॅम, अशी दोन वेगळी द्रावणं करायची आणि वापरायच्या वेळी सारख्या प्रमाणात मिसळायची. उन्हात फेरिक लोहाचं फेरस होतं, ते फेरिसायनाइडशी जुळून प्रशियन निळा तयार होतो. पानाखालचा भाग बदलत नाही आणि पाण्यात धुऊन जातो. पेंटचं कापड ओलं असताना उन्हात ठेवायचं, हे मात्र अंधारात पूर्ण वाळवून. काच इथे हवीच.

आपल्याकडे पडणारी तक्रार अशी: छाप उन्हात झकास दिसला, धुतला तेव्हाही निळाशार होता, दोन-तीन धुण्यांत पिवळट-तपकिरी झाला. हे पुन्हा पाणीच. प्रशियन निळा अल्कलीपुढे टिकत नाही. क्षारयुक्त पाण्यात, धुण्याच्या सोड्यात, कपड्याच्या पावडरीत तो मोडतो आणि लोहाचा गंजकट रंग मागे उरतो. पहिल्या धुण्याच्या पाण्यात टबाला दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर किंवा चिमूटभर लिंबूसत्व घाला. पुढेही पावडर, ब्लीच, सोडा वर्ज्य. रिठ्याचं पाणी या कापडाला मानवतं, ते किंचित आम्लधर्मी असतं. खळ काढताना सोड्यात उकळलेलं कापड असेल तर सोड्याचा अंश पूर्ण जाईस्तोवर खळबळा, नाहीतर रसायन लावल्याबरोबर बिघाड सुरू. मात्र आम्ल चांगलं म्हणून फरशी धुवायचं अ‍ॅसिड ओतायचा आगाऊपणा कुणी करू नये. तीव्र आम्ल आणि उष्णता मिळाली तर फेरिसायनाइडमधून विषारी वायू निघू शकतो. भांडी वेगळी ठेवा, हातमोजे घाला, स्वयंपाकघरात हे काम नको.

धुतल्यावर पानाची जागा फिक्कट निळी दिसली, तर कापडाला रसायन लावताना किंवा वाळवताना प्रकाश लागलेला आहे. रात्री, पिवळ्या झिरो बल्बच्या उजेडात लावा आणि बंद कपाटात वाळवा. उन्हात ठेवण्याआधी कापड पिवळसर हिरवं दिसलं पाहिजे. ते आधीच निळं-राखाडी पडलं असेल तर त्यावर पान मांडण्याचे कष्ट घेऊ नका.

कडा धूसर येत असतील तर आकाशाकडे बघा. उन्हाळ्यात धुळीने आकाश पांढुरकं असतं, अतिनील प्रकाश विखुरतो आणि सगळ्या बाजूंनी येतो. पान जिथे उचललेलं असेल तिथे तो बाजूने आत शिरतो. काच घट्ट दाबलेली असली तर हा त्रास जवळजवळ संपतो. हिवाळ्यात वेगळी अडचण. २२ डिसेंबरच्या सुमारास संभाजीनगर-लातूरकडे भर दुपारी सूर्य ४७-४८ अंशांवरच असतो, जाड देठाची सावली एका बाजूला लांबते. फळी दक्षिणेकडे तिरपी करून सूर्यासमोर धरली की भागतं. मेच्या मध्याला सूर्य जवळपास डोक्यावरच येतो, तेव्हा फळी सपाट ठेवायची. म्हणजे ज्या दुपारी पेंटवाल्यांनी घरात बसावं, तीच सायनोटाइपवाल्यांची खरी वेळ. घड्याळापेक्षा रंगावर लक्ष ठेवा. उघडा भाग निळा होऊन पुढे राखाडी, काशाच्या भांड्यासारखी झाक धरतो, तेव्हा आत घ्या.

तयार कापड वर्षभर खिडकीत टांगलं तर निळा फिकटतो. काही दिवस अंधारात ठेवलं की बराचसा परत येतो, त्यामुळे घाबरून फेकू नका.

हळद

वसमतची हळद घरात असते, तिचाही छाप निघतो. हळदीचा डाग पडलेला सदरा उन्हात टाकला की डाग उडतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. त्याचाच इथे उपयोग. हळदीत रंगवलेल्या, वाळलेल्या कापडावर पान ठेवून काचेने दाबायचं. बाहेरचा पिवळा उडतो, पानाखालचा राहतो. गडद पान, फिकी जमीन. "माझं पान उलटं आलं" म्हणणारी व्यक्ती बहुधा हळदवाली असते आणि तिचं काहीच चुकलेलं नसतं. साबण किंवा खारं पाणी लागलं की पिवळं लालसर होतं, तेही हळदीचा स्वभाव म्हणून सोडून द्या. पण हा छाप पक्का करायचा विश्वासाचा उपाय माझ्याकडे नाही. ऊन पानाबाहेरची हळद खातं, ते पुढे पानाखाली राहिलेलीही खाणारच. शाळेत मुलांना दाखवायला ठीक, विकायच्या कापडावर करू नका. गिऱ्हाईक महिन्याभरात कापड घेऊन दारात उभं राहील.